झडती

सेठची पोरं पुण्यात रमली, मिल विकायला निघाली.
तेव्हा इंजिनवाल्या इरण्णानं
रिकाम्या पोत्यावर कोळशानं हिशोब मांडला:
एवढा पीएफ, एवढं पतसंस्थेचं कर्ज,
प्रयागबाईच्या पाटल्या, मैनोद्दीनची मोटारसायकल.
आणि एका सोमवारी
उदगीरच्या त्या डाळमिलचे
आम्ही एकेचाळीस जण मालक झालो.

मी सोजर, निवडणीच्या हॉलातली.
बावीस वर्षं तुरीतून खडे वेचले.
मालक झाले त्या दिवशीही
खडे तेवढेच निघाले.

फरक पडला तो कुठल्या कुठं पडला.
जिन्यावरचा बल्ब सात वर्षं गेलेला,
तो कुणी लावला अजून कळलेलं नाही.
पॉलिशचा पट्टा रात्री तुटला
तर मैनोद्दीन हात न धुता ताटावरून उठून आला,
पट्ट्याला वरणाचा वास आठवडाभर.
सांडलेली डाळ आधी झाडूवाली गोळा करायची,
आता जो तो वाकतो.
वाकता वाकता कंबर म्हणते, बाई,
मालकाची कंबर कधी दुखल्याचं ऐकलं नव्हतं.

मंदीच्या महिन्यात पगार कापायचा ठराव आला.
हात वर करा, म्हणाले.
सेठपुढं हाच हात मूठ आवळून वर गेलेला,
आता उघडा करून न्यायचा होता,
आपल्याच पगाराच्या विरुद्ध.
अर्ध्यात अडकला. खांदा खाजवून घेतला आधी.
मग नेला.

एवढं मी पेपरवाल्याला सांगितलं, त्यानं लिहून घेतलं.
पुढचं सांगितलं नाही.

गेटावर पूर्वी बायांची झडती व्हायची.
वॉचमनची बायको हलीमाबी
ओटीवरून हात फिरवायची, पदराच्या गाठी चाचपायची,
डब्यात बोट घालून बघायची.
हात गार असायचा तिचा
आणि नजर कायम रस्त्यावरच्या बाभळीकडं.
पहिल्याच मीटिंगीत ठराव झाला, झडती बंद.
टाळ्या अशा वाजल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली.
हलीमाबी सगळ्यात जास्त वाजवत होती.

तिसऱ्या महिन्यात वजन कमी भरायला लागलं.
जास्त नाही. ओंजळ-दोन ओंजळ, रोज.
सेठच्या काळात याला शब्द होता,
'त्याला काय कमी पडायलंय' म्हणायचो.
आता शब्द सापडेना.
इरण्णा म्हणाला, क्यामेरा लावू.
प्रयागबाई म्हणाली, कुणाकडं तोंड करून?
बराच वेळ नुसता पंखा बोलत होता.

मी खाली बघत होते.
माझ्या पदराला गाठ होती.

चोरायचं म्हणून नव्हे हो. बोटांना कोण सांगणार
की मिल आता तुमची झाली?
सुट्टी झाली की बोटं आपली आपण
मूठभर घेतात, गाठ मारतात,
बावीस वर्षांत त्यांना एवढंच कळलंय.
घरी वरण शिजायचं आणि मला गिळवेना.

त्या संध्याकाळी गेटावर थांबले.
हलीमाबीला म्हणलं, माझी झडती घे.
ती म्हणाली, कावून? मी पण एकेचाळीसातली आहे आता.
पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं बघितलं.
डोळे घारे आहेत तिचे. बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं.
हात लावलाच नाही तिनं.

तशीच मागं फिरले, काट्यावर गाठ सोडली.
एकशे साठ ग्रॅम.
इरण्णाला म्हणलं, लिही माझं नाव, चोरी लिही.
तो कोळसा घेऊन बसला. म्हणाला,
थांब, एकेचाळिसावा हिस्सा तुझाच आहे,
तेवढा वजा करावा लागेल.
चेष्टा वाटली. पण तो खरंच भागाकार करत होता,
जीभ दाताखाली धरून, शाळेतल्या पोरासारखा.
चार ग्रॅमला जरा कमी, म्हणाला. बाकीची चोरी.

सकाळी काट्याशेजारी आणखी एक पुडी होती.
हिरव्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली,
दुहेरी गाठीची.
मी एकेरी मारते.
कुणी विचारलं नाही.
डाळ ओतून घेतली, चिंधी खिळ्याला लटकवली,
आणि भोंगा व्हायच्या आधीच
मशीन चालू झालं.